बाई, आकडा टाकला!

३० सप्टेंबर १९९८, खंडेनवमी

आज शाळेत संगणकाची पूजा झाली. चालू मात्र कुणी केला नाही!

सगळं ओळीनं मांडलं होतं — शाळेची घंटा, शिवणयंत्र, बागेतली खुरपी, आणि मधोमध संगणक. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक. कीबोर्डवर हळद-कुंकू आणि मूठभर अक्षता. वरून झेंडूची माळ. आमचे मुख्याध्यापक देवदत्त सर, त्यांनी स्वतः नारळ फोडला. मग पुन्हा ती फुलाफुलांची चादर पांघरली आणि खोलीला कुलूप. जूनपासून बिचारा असाच झोपलाय. शिरवळच्या एका कारखान्यात नवे संगणक आले, जुने वाटून टाकले. नानासोंचा थोरला मुलगा मानसिंग तिथे नोकरीला, म्हणून एक आमच्या वाट्याला आला. नानासो म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्याशिवाय या गावातलं पान हलत नाही.

मी सरांना म्हटलं, मला येतो चालवता. सांगलीत कोर्स केलाय. सहावीच्या विज्ञानाला आठवड्यातून एक तास द्या.

सर माझ्याकडे असं बघायला लागले, जसं काही मी पूजेतला नारळ मागितला. "किमती वस्तू आहे बाई. काही झालं तर?"

काही होत नाहीये हेच तर दुखणं आहे!

६ ऑक्टोबर

सरांनी सरळ सांगितलं — येत्या जूनला तुमची दोन वर्षं पुरी होतात. समितीनं शिफारस केली तर कायम, नाहीतर राम राम. "तोवर जरा दमानं घ्या."

सव्वा वर्ष दमानंच घेतेय. फळ्यावर खडूनं विजेचं मंडल काढते, पोरं वहीत ते उतरवतात, आणि परीक्षेत बल्बच्या जागी कांदा काढून येतात.

७ ऑक्टोबर

नानासोंच्या मळ्यावर गेले. सरांना न विचारता. म्हातारा विहिरीच्या काठावर बसून तंबाखू मळत होता. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं बाई, काम्पुटर आणला त्यो काय पुजाय आणला व्हय? चालवा की. पर त्या खोलीत लाईट न्हाई."

मी म्हटलं, बोर्ड तर आहे भिंतीवर.

"बोर्ड हाय. लाईट न्हाई," म्हणाले. "दिवाळी हुंद्या. लाईटीचं मी बगतो."

परत येताना उड्याच मारायच्या बाकी होत्या.

२५ ऑक्टोबर, विश्रामबाग

दिवाळीत सांगलीला आलेय. फराळ, पाहुणे, आणि आईचं एकच पालुपद — "इथे एवढ्या शाळा असताना त्या औंधापलीकडच्या माळावर काय ठेवलंय तुझं?" ऐकलं न ऐकलं केलं आणि निमिषच्या क्लासवर जाऊन बसले.

निमिष म्हणजे माझा मावसभाऊ. चौकाजवळ संगणकाचा क्लास आहे त्याचा, आणि यंदा त्यानं इंटरनेट घेतलंय. फोन लावला की ते यंत्र आधी किंचाळतं, मग खरखरतं, मग एकदम गप्प होतं — आणि आपण आत! मला तर अंगावर काटा आला. तो म्हणाला, "ताई, काय शोधू?" म्हटलं, पोरांचे विज्ञानाचे खेळ. फुकटचे.

आणि आहेत! ढीगभर आहेत! झाडाला ऊन-पाणी द्यायचा खेळ, ग्रह फिरवायचा खेळ. आणि एक विजेचा. परदेशातल्या कुणा मास्तरानं आपल्या वर्गासाठी केलेला आणि मग जगाला देऊन टाकलेला. कोण कुठला माणूस! पैसे नकोत, नाव नको, फक्त "तुमच्या मुलांना आवडला का ते कळवा" म्हणतो.

तो खेळ अर्ध्याच्या वर उतरला होता तेवढ्यात मावशीनं आतल्या खोलीतून फोन उचलला — चकल्यांची भाजणी किती घेतली ते कुणाला तरी विचारायला. संपलं! पुन्हा पहिल्यापासून. मी दाराशी पहारा देत बसले, मावशी रुसली, निमिष हसत सुटला. शेवटी आला एकदाचा. झाडाचा नि ग्रहांचा आधीच उतरले होते; तिन्ही दोन-दोन फ्लॉप्यांवर घेतले. एक खराब झाली तर दुसरी.

"सर ओरडतील गं, शाळेत गेम लावतेस म्हणून," निमिष म्हणाला.

ओरडू देत. लपाछपी, लंगडी, सूरपाट्या — आयुष्यात खेळून जे शिकले तेवढंच मला अजून आठवतं.

११ नोव्हेंबर

खोलीत लाईट आली! नानासोंनी शब्द पाळला. दोन दिवसांत काम. सांगलीत साधा मीटर बदलायचा तर बाबांना किती खेटे घालावे लागले होते. माणूस वजनदार आहे, मानलं पाहिजे. सर मात्र बल्बकडे बघून नुसतेच "हं" म्हणाले. आनंद असा नाहीच त्यांच्या कुंडलीत.

१२ नोव्हेंबर

चादर निघाली!!

कीबोर्ड उलटा करून झटकला तर अक्षता पडल्या. फ्लॉपी आत जाईना. चिमट्यानं बघितलं — झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. सगळी खोली हसून लोळली. आता पोरं दाराबाहेर चपला काढून रांगेत येतात. मी सांगितलं नव्हतं. देवाला माळ घातलेली बघितलीय, मग चपला कशा घालणार? राहू दे म्हटलं. खोली तरी स्वच्छ राहील.

खेळ असा आहे. पडद्यावर एक घर. बाहेर विजेचा खांब, दारात मीटर, मग फ्यूज, मग बटण, मग बल्ब आणि पंखा. तारा आपण ओढायच्या. बरोबर जोडलं की घर उजळतं आणि खिडकीत मांजर येऊन बसतं. चुकलं की फ्यूज जातो, अंधार, आणि मांजर "ओ नो!" म्हणून पळतं. सगळं इंग्रजीत, पण कुणाचं काही अडलं नाही. संध्याकाळी पाणवठ्यावर पोरी एकमेकींना "ओ नो!" म्हणत होत्या.

१९ नोव्हेंबर

आजचा तास मी मरेपर्यंत विसरणार नाही.

फ्यूज शिकवत होते. बल्ब जास्त लावले, पंखे जास्त लावले की फ्यूजची तार आधी जळते, म्हणून बाकीचं घर वाचतं. मुद्दाम ठेवलेली नाजूक तार. संयोगिता म्हणाली, "म्हंजी कच्चा लिंबू, बाई. पर उलटा. ह्योच पयला आऊट हुतो." किती नेमकं! माझ्या पुस्तकात अर्धं पान आहे त्यावर, आणि एवढं नेमकं एक वाक्य नाही.

संयोगिता ही नानासोंची नात. जिभेला धार आहे पोरीच्या. तिची पाळी आली. तिनं मीटर सोडला, फ्यूज सोडला, माऊस सरळ बाहेर नेला आणि खांबावरून तार ओढून थेट बल्बला जोडली. मी म्हणणार होते की अगं, खांब नुसता चित्राला आहे — पण तो चित्राला नव्हताच! घर लख्ख उजळलं. सगळे बल्ब, सगळे पंखे!

"बाई, आकडा टाकला!"

मग काय, सगळा वर्ग ओरडायला लागला. आकडा! आकडा लागला! मला कळेचना. मग सिद्धूनं समजावलं. काठीला तारेचा आकडा बांधायचा आणि तो खांबावरच्या लाईनीला अडकवायचा. फुकट लाईट. "लय जण टाकत्यात, बाई. ह्यो बगा, ह्यो आपल्या खो—" तेवढ्यात संयोगितानं त्याला असा चिमटा काढला की तो कळवळला.

आणि तोवर पडद्यावर धूर. तार लाल, मग काळी. घर पेटलं. मांजर छपरावर. "ओ नो!"

मी विचारलं, का जळलं? आणि मग जी काही भांडाभांडी झाली! तार बारीक हुती म्हणून. पंखं लय लावलं म्हणून. शेवटी संयोगिताच म्हणाली, "मधी कच्चा लिंबूच न्हवता. मग आऊट कोण हुनार?"

घंटा झाली तरी कुणी उठेना. मला इथेच राहायचंय. याच शाळेत, याच पोरांत. जूनला कायम व्हायचंच आहे, आणि तेही हा तास घेऊन.

२६ नोव्हेंबर

लाईट नाही. तास गेला. चिडचिड.

४ डिसेंबर

माझ्या घरमालकीण लीलाबाई सकाळी दूध द्यायला आल्या आणि दार लोटून घेतलं. हळूच म्हणाल्या, "बाई, तुमी पोरास्नी आकडा लावाय शिकवताय म्हणं? त्या काम्पुटरवर?"

मला वाटलं तारेचाच. म्हटलं, हो, खेळ आहे तो.

"आन् लागतो व्हय?"

म्हटलं, लागतो की. संयोगितानं तर पहिल्या झटक्यात लावला.

त्यांचे डोळे एवढाले झाले. पदरात तोंड घालून म्हणाल्या, "मग मला बी येकादा सांगा की. मंगळवारचा. ह्यास्नी सांगू नगा तेवढं."

मटका! एसटी स्टँडच्या टपरीवर जो मटका चालतो त्याचा आकडा! सगळ्या गावात झालंय की सांगलीची बाई शाळेत संगणकावर मटक्याचे आकडे काढते. पोरं गल्लीतून "आकडा लागला" ओरडत जातात, आणि लोक टपरीवर जाऊन विचारतात, कुठला?

हसून हसून दूध सांडलं माझं. मग हसू थांबलं.

७ डिसेंबर

सरांनी बोलावलं. चेहरा पांढरा. "बाई, तो शब्द शाळेत उच्चारायचा नाही."

म्हटलं सर, मटका नाही तो, विजेचा आकडा—

"तेच म्हणतोय! तो शब्द नको!" खिडकी लावून घेतली त्यांनी. खिडकी! जसं काही बाहेर पोलीस उभे आहेत. मटक्याला इतकं भिणारा माणूस मी बघितला नव्हता. खोलीची किल्ली मागून घेतली. समितीची बैठक होईपर्यंत तास बंद.

मी म्हटलं, बैठकीला मी येणार. बोलावलं नाहीत तरी येणार.

१० डिसेंबर

गुरुवार. किल्ली नाही. म्हणून मैदानावर फक्कीनं घर आखलं आणि पोरांनाच तारा केलं. हात धरून मंडल. क्षमाबाईंचा मराठीचा वर्ग खिडकीला लोंबकळला होता. सिद्धूला फ्यूज केला होता, तो दर वेळी इतक्या हौसेनं मरून पडायचा की कपडे लाल झाले. सर व्हरांड्यातून बघत होते. बघा! मैदानाला काय कुलूप घालणार?

पण खरं सांगायचं तर पडद्यावरचं हे नव्हे. इथे चुकलं तर मी सांगते चुकलं म्हणून. तिथे चुकलं की घर जळतं, आणि कुणी ओरडत नाही, परत पहिल्यापासून करता येतं. माझ्या पोरांना आजवर कुणी परत पहिल्यापासून करू दिलंय? मला तास परत हवा.

१९ डिसेंबर

बैठक. सहाजण सतरंजीवर, मी एकटी खुर्चीवर. मुद्दाम दिली असावी, अवघडायला.

एकानं विचारलं, "बाई, ह्यो आकड्याचा काय परकार?" मी सगळं सांगितलं. घर, मांजर, तार, काठी. लीलाबाईंचं नाव न घेता मंगळवारच्या आकड्याचंही सांगितलं. सगळे खो खो हसले. एकजण तर डोळे पुसायला लागला. "तरीच टपरीवाला म्हणत हुता, धंदा वाढलाय!"

नानासो तेवढे हसले नाहीत. सर तर जमिनीकडे बघत होते.

मग नानासो म्हणाले, "काम्पुटर चालू द्या. झाडाचं, गिरहांचं शिकवा. आकड्याचा खेळ तेवढा बंद."

मी म्हटलं, पण आता तर कळलं ना, मटका नाही?

"कळलं की. म्हणून तर बंद."

आणि उठले. काय न्याय म्हणायचा हा? कारण नाही, काही नाही, आपलं बंद!

२१ डिसेंबर

संयोगितानं कारण सांगितलं. डबा खाताना माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाई, मी आजोबास्नी म्हणलं, मळ्यातला आकडा काढा. जोड उगडा हाय. त्यास्नी लय राग आला."

मळ्यातला आकडा! म्हणजे नानासोंची विहिरीवरची मोटार आकड्यावर चालते. हरिबा, त्यांचा गडी, रोज सकाळी काठीनं तो लावतो, संध्याकाळी काढतो.

असं आहे तर! म्हाताऱ्याला पहिल्यापासून बरोबर कळलं होतं. सगळं गाव मटका समजून बसलं आणि ह्यांनी ते समजू दिलं. पोरं घरी येऊन तोंडावर बोलतील ही भीती. आणि मी बावळट त्यांना वजनदार माणूस म्हणत होते!

झाडाचा खेळ शिकवतेय. झाडाला ऊन द्या, पाणी द्या. पाणी कुठून आणायचं ते विचारू नका.

१४ जानेवारी १९९९

नानासो स्वतः घरी आले, तिळगूळ घेऊन. लीलाबाईंची नुसती धांदल.

"गोड बोला बाई," म्हणाले.

म्हटलं, प्रयत्न करते.

चहा झाला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "जूनला तुमास्नी कायम करायचं मनात हाय माज्या. पोरं तुमच्यावर जीव टाकत्यात. संयोगिता तर घरात दुसरं बोलत न्हाई. तुमी फकस्त त्या आकड्याचं नाव काढू नगा. त्यात नुकसान तुमचंच हाय."

धमकी! तिळगुळाच्या पुडीत बांधून आणलेली धमकी! मी म्हटलं, "नानासो, जे खरं आहे ते मी वर्गात सांगणार. नुकसान झालं तर झालं."

म्हाताऱ्यानं तंबाखूची पुडी काढली आणि तशीच परत खिशात ठेवली. रागानं नव्हे. टोपी घातली, म्हणाला, "तुमी सांगलीची मानसं लय सरळ." आणि गेला.

सरळ आहे तर आहे. वाकडं व्हायला इतक्या लांब कशाला आले असते?

२ फेब्रुवारी

हरिबा चिकटला.

सकाळी आकडा लावताना. दव पडलं होतं, काठी ओली. उघड्या जोडाला हात लागला आणि बांधावर फेकला गेला. वाचला. उजव्या हाताची तीन बोटं काळी पडलीयत, औंधच्या दवाखान्यात आहे. गावात सांगतायत, मोटार सुरू करताना झटका बसला. मोटार!

संयोगिता दिवसभर वर्गात बसून होती. रडली नाही. मधल्या सुट्टीत एवढंच म्हणाली, "मी बगितलं, बाई."

मला इतका संताप आलाय की पेन कागदात रुततंय.

३ फेब्रुवारी

ठरलं. विज्ञान दिन. सगळ्या पालकांसमोर. तोच खेळ.

११ फेब्रुवारी

क्षमाबाई म्हणाल्या, "भार्गवी, वेडी आहेस का? चार महिने कळ काढ. कायम झालीस की मग काय हवं ते शिकव." चांगल्या मनानं सांगत होत्या. पण मग कळलं, त्यांनाही असंच कुणीतरी चार महिने कळ काढायला सांगितलं होतं. त्याला आता वीस वर्षं झाली.

चार महिन्यांत हरिबाचा हात बरा होईल आणि तो पुन्हा काठी उचलेल. मी नाही थांबणार.

२० फेब्रुवारी

सरांना कार्यक्रमपत्रिका दाखवली. "घरातील वीज — संगणकावरील खेळ. सादरकर्ती: संयोगिता, इयत्ता सहावी." सरांनी सही केली. म्हणाले, "बाई, एकदा विचार करा. तुम्हाला सगळं माहीत नाही."

हेच वाक्य आजवर प्रत्येक पुरुषानं मला कधी ना कधी ऐकवलंय. सही घेतली आणि आले.

२७ फेब्रुवारी

उद्या रविवार म्हणून विज्ञान दिन आजच.

संगणक व्हरांड्यात आणला. खोलीतून लांब वायर ओढली. पटांगणात अख्खं गाव. टपरीवालासुद्धा! पुढे खुर्चीवर नानासो, शेजारी धाकटा मुलगा वीरधवल — सैन्यातून सुट्टीवर आलाय. मागे पिंपळाखाली, हाताला पांढरी पट्टी, हरिबा.

मी फ्लॉपी आत सरकवली.

संयोगिता पुढे आली. चपला काढल्या. आधी नीट जोडणी करून दाखवली. घर उजळलं, मांजर आलं, टाळ्या. मग फ्यूज घालवून दाखवला. "ह्यो कच्चा लिंबू. ह्यो आऊट हुतो, घर वाचतं." लोक हसले. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

खांबावरून तार ओढली.

हसू थांबलं. सगळ्यांना कळलं ती काय करतेय. पटांगणात असा एक माणूस नव्हता ज्याला कळलं नाही. घर लख्ख झालं, मग धूर. तार काळी.

मी म्हटलं, "इथे फ्यूज नाही. मग सगळ्यात कच्चं कोण?" तारेचं उत्तर येईल असं वाटलं होतं. तसंच शिकवलं होतं.

संयोगिता म्हणाली, "हरिबाकाका."

हरिबानं पट्टीचा हात पाठीमागे घेतला. लाज वाटली त्याला — त्याला! मग मी बोलले. जे बोलायचं होतं ते सगळं. उघडा जोड म्हणजे काय, ओली काठी म्हणजे काय, आकडा कुणाचाही असो, मोठ्याचा किंवा लहानाचा, वीज माणूस ओळखत नाही. "ज्या कुणी टाकला असेल त्यानं तो आज काढावा," म्हणाले. नानासोंच्या डोळ्यांत बघून म्हणाले. सर मागे खांबाला टेकून उभे होते, डोळे मिटून.

नानासो उठले. वाटलं, आता गरजणार. काही नाही. नातीच्या डोक्यावर हात ठेवला, वीरधवलला म्हणाले, "चल रं, पकड घे." आणि गेले.

गेली नोकरी. जाऊ दे! आज माझी सहावी माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलली. आता कुणीही काहीही करो, संगणकाचा तास माझा आहे आणि तो मी शेवटच्या दिवसापर्यंत घेणार. बघतेच कोण अडवतंय ते.

१ मार्च

जादा तास ठेवला होता. बाहेर पोरं चपला काढून रांगेत. मी बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, पंखा नाही. गावात लाईट होती. गिरणीचा आवाज येत होता.

संयोगिता म्हणाली, "बाई, आजोबांनी परवा आकडं काढलं. मळ्यातला बी आन् ह्यो बी."

ह्यो म्हणजे?

हाताला धरून मला खोलीच्या मागे घेऊन गेली. तिकडे बाभळी. कधी गेलेच नव्हते. भिंतीतून बाहेर आलेली तार, वेटोळं करून नीट ठेवलेली. तिचा जोड उघडा. वर संगणकाच्या खोलीची खिडकी, जिला बाहेरून पाचवीची पोरं लोंबकळतात.

"शाळंला मीटर न्हाईच, बाई. तुमी तास मागितला न्हवं, तवा आजोबांनी टाकला हुता. तुमास्नी कळलं तर काढाय लावाल, म्हणून समद्यास्नी गप बसिवलं हुतं." मग थांबून म्हणाली, "पर आजोबा म्हणलं, मळ्याला येक आन् शाळंला येक, असं कसं? बाईच म्हणल्या, ज्यानं टाकला त्यानं काढावा."

व्हय. मीच म्हणाले होते.